तिसरा राजा

लहानपणी नाताळच्या नाटकात मी तिसरा राजा झाले होते. मुलगे कमी पडले म्हणून माझ्या ओठांवर मिशी रंगवली, डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट बसवला आणि हातात एक डबी दिली. पहिल्या राजाकडे सोनं, दुसऱ्याकडे ऊद, माझ्याकडे गंधरस. गंधरस म्हणजे काय हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. वाक्य एकच होतं, ते न अडखळता म्हटलं, एवढ्यावर मी खूश होते.

चाळिशी उलटल्यावर ग्रीक शिकायला बसले तेव्हा सरावासाठी बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय घेतला. ओळखीचा मजकूर, सोपा जाईल असा हिशेब. शब्दावर बोट ठेवून, पहिलीतल्या मुलासारखं एकेक अक्षर जुळवत वाचत होते. ‘मागोइ’, म्हणजे आमचे राजे, आले. पूर्वेकडून आले. तारा, राजा हेरोद, यरुशलेम, सगळं जागच्या जागी. पण किती जण आले ते काही येईना. परत वर गेले, परत खाली आले. तीन हा आकडा तिथे नव्हताच. भेटी तीन आहेत, माणसं मोजलेली नाहीत. सुरियानी भाषेतल्या ख्रिस्ती परंपरेने तर ती बारा मानली. राजेही नव्हते. मुकुट त्यांच्या डोक्यावर नंतर चढले, जुन्या करारातल्या स्तोत्र 72 आणि यशया 60 मधल्या भेटी आणणाऱ्या राजांवरून. गास्पार, मेल्कियोर, बाल्थाझार ही नावं मत्तयाच्या गावीही नाहीत. आणि ही मंडळी गोठ्यात पोहोचतच नाहीत. ती ‘ओइकिया’त, म्हणजे घरात शिरतात. हेरोद दोन वर्षांपर्यंतची मुलं मारायला सांगतो, त्यावरून मध्ये बराच काळ गेला असावा. आमच्या नाटकात मेंढपाळ डावीकडे आणि राजे उजवीकडे एकाच वेळी उभे असायचे. मेंढपाळ लूकच्या शुभवर्तमानातले, मागी मत्तयाच्या. त्यांची गाठ घालून दिली ती आपण.

‘मागोइ’चं एकवचन ‘मागॉस’, त्या शब्दाची तर आणखीच गंमत. बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात, 13 व्या अध्यायात, कुप्र बेटावर पौलाला आडवा येणारा बर्येशू आहे ना, त्यालाही हाच शब्द लावलाय. तिथे मराठी भाषांतर सरळ ‘जादूगार’ म्हणतं. इथे मात्र ‘मागी’ तसाच ठेवतं. बाळापाशी जादूगार नेऊन उभे करायला कुणाचा हात धजावेल?

त्या वर्षी डिसेंबरात मी लोकांना असह्य झाले असणार. शुभेच्छापत्र हातात पडलं की त्यातल्या चुका मोजायच्या. तीन उंट दिसले की सांगायचं, मत्तयात एकही उंट नाही. 25 डिसेंबर म्हटलं की सांगायचं, शुभवर्तमानांत तारीखच दिलेली नाही. ती रोममध्ये इ.स. 354 च्या एका पंचांगवजा संग्रहात लिहिलेली सापडते. खरं बोलत होते मी, पण ज्या सुरात बोलत होते तो आठवला की आजही कान गरम होतात.

उतारशाळेने मला जास्त दिवस अडकवून ठेवलं. लूक 2:7. ‘उतारशाळेत त्यांना जागा नव्हती.’ या एका ओळीवर किती उतारशाळावाले जन्मले! कुणी कंदील घेऊन दार उघडतो, कुणी हात हलवून नाही म्हणतो, कुणाला दया येते आणि तो गोठा दाखवतो. लूकमध्ये असा माणूस नाही, त्याचं दारही नाही. तिथला शब्द आहे ‘काताल्युमा’. हाच शब्द लूक 22:11 मध्ये पुन्हा येतो, येशू शेवटच्या भोजनासाठी जागा विचारतो तेव्हा, आणि तिथे ती एका घरातली पाहुण्यांची खोली आहे. लूकला खरीखुरी, पैसे घेऊन राहू देणारी जागा म्हणायची असते तेव्हा त्याच्यापाशी दुसरा शब्द तयार आहे. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात जखमी माणसाला नेलं जातं ते ‘पांदोखेइऑन’मध्ये. तिथे मालकही आहे आणि त्याला दोन दीनार दिल्याची नोंदही आहे.

‘काताल्युमा’च्या मुळाशी सोडण्याचं क्रियापद आहे. प्रवासी ओझं सोडतो, जनावर सोडतो, ती जागा. मी बराच वेळ त्याला मराठी शब्द शोधत होते आणि तो तर तोंडातच होता: उतरणं. आपण धर्मशाळेत उतरतो आणि आत्याकडेही उतरतो. ‘उतरायच्या जागेत जागा नव्हती’ असं म्हटलं असतं तर दोन्ही अर्थ जिवंत राहिले असते. त्यापुढे ‘शाळा’ जोडली आणि एक इमारत उभी राहिली, इमारतीला मालक आला, मालकाला कठोर काळीज आलं.

मग मी कसं वाचते? योसेफ बेथलेहेमला गेला तो त्याच्या घराण्याचं गाव म्हणून. तिथे नातलगांचं घर असणार, घर माणसांनी भरलेलं, पाहुण्यांच्या खोलीत आधीच कुणीतरी. त्या प्रदेशातल्या साध्या घरांत माणसं वरच्या अंगाला आणि जनावरं खालच्या अंगाला, एकाच छपराखाली असत, गव्हाण घरातच. म्हणजे बाळंतीण दारोदार हाकलली गेली नाही, ती दाटीवाटीत, बायकांच्या गराड्यात बाळंत झाली. बैल आणि गाढवही लूकचे नव्हेत, ते यशया 1:3 मधून चालत आले. हे चित्र मला पटतं. पण पटतं म्हणून सिद्ध होत नाही. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात, निर्गम 4:24 मध्ये, मोशे वाटेत रात्री जिथे थांबतो त्या मुक्कामालाही ‘काताल्युमा’च म्हटलंय आणि तिथे कुणा नातलगाचं घर नाही. शब्द दार थोडं किलकिलं ठेवतो. मी माझ्या बाजूने ते ढकलून बंद करून टाकलं होतं, हे नंतर कळलं.

बाकीच्या कित्येक गोष्टी पटकन निकालात निघाल्या. दिमिष्काच्या, म्हणजे दमास्कसच्या, वाटेवर येशूचं दर्शन होतं तेव्हा पौल घोड्यावरून पडत नाही. कृत्यांत घोडाच नाही, तो कॅरव्हॅजिओसारख्या चित्रकारांच्या कुंचल्यातून आला. शौलाचा पौल त्या वाटेवर झाला हेही नाही. त्यानंतरही तो शौलच राहतो आणि 13:9 मध्ये लेखक नुसतं म्हणतो, ‘शौल, जो पौलही’. दोन नावं, दोन जगांत वापरायची. आणि श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणं सोपं, असं येशू म्हणतो, ते नेढं म्हणजे यरुशलेमचं एक बुटकं दार होतं, उंटाला ओझं उतरवून गुडघ्यांवर आत जावं लागे, ही गोष्ट? असल्या दाराचा पुरावा नाही. शिवाय मार्क आणि मत्तय सुईला ‘राफिस’ म्हणतात आणि लूक ‘बेलोने’. दाराचं नाव असतं तर लूकने ते असं खुशाल बदललं असतं का? बाबिलोनी ताल्मूद या यहुदी धर्मग्रंथात तर सुईच्या नेढ्यातून हत्ती जातो. त्या भागातल्या माणसांना अतिशयोक्ती कळत होती. दार काढलं ते बहुधा श्रीमंतांसाठी काढलं. ओझं उतरवलं की जाता येतं, म्हणजे जाता येतं! ते वाक्य ऐकून शिष्य हबकतात आणि विचारतात, मग तरणार कोण. बुटक्या दाराने कुणी हबकत नाही.

इथवर माझी सरशीच होती. मग माझी पाळी आली.

एका अभ्यासगटात मला बोलायला बोलावलं होतं. योहानाच्या शुभवर्तमानाचा 21 वा अध्याय, समुद्रकाठची न्याहारी, येशू आणि त्याचा शिष्य पेत्र. मी तयारीनिशी गेले. येशू दोनदा विचारतो ‘आगापास मे?’ आणि पेत्र दोन्ही वेळा उत्तर देतो ‘फिलो से’. आगापे म्हणजे दैवी, निरपेक्ष, देऊन टाकणारं प्रेम. फिलिया म्हणजे मैत्री, माया. येशू वरचं मागतोय आणि पेत्राला खालचंच देता येतंय. तिसऱ्यांदा येशू स्वतः खाली उतरतो आणि विचारतो ‘फिलेइस मे?’ मी हे बोलले तेव्हा खोलीत अशी शांतता पसरली की मलाच भरून आलं. ‘मूळ ग्रीकमध्ये असं आहे’ हे वाक्य मी चार-पाचदा तरी वापरलं असेन.

संपल्यावर मागच्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ हळूच जवळ आले. “ताई, एक विचारू का? दुसरं शमुवेल, तेरावा अध्याय, ग्रीकमध्ये पाहिलाय तुम्ही?” नव्हता पाहिला. “घरी गेलात की पाहा,” एवढंच म्हणून ते चपला शोधायला लागले.

घरी जाऊन पाहिला. अम्नोन आणि तामार. भाऊ बहिणीवर डोळा ठेवतो, आजारपणाचं सोंग करतो, तिच्यावर बलात्कार करतो, आणि मग तिचा इतका तिटकारा करतो की आधीच्या प्रेमापेक्षा तो तिटकारा मोठा. ते ‘प्रेम’ ग्रीक भाषांतरात काय आहे? क्रियापद आगापाओ, नाम आगापे. माझं ते दैवी, निरपेक्ष, देऊन टाकणारं प्रेम. मग एकामागून एक पानं उघडत गेले. देमास पौलाला सोडून जातो कारण त्याने या जगावर प्रेम केलं, 2 तीमथ्य 4:10, तिथेही आगापाओ. खुद्द योहान 3:35 मध्ये पिता पुत्रावर प्रेम करतो तेव्हा आगापाओ आणि 5:20 मध्ये तोच पिता त्याच पुत्रावर प्रेम करतो तेव्हा फिलेओ. पित्याचं प्रेम दोन अध्यायांत खालच्या पायरीवर आलं म्हणायचं का? आणि त्या न्याहारीच्या प्रसंगातच योहान कोकरं म्हणतो, मग मेंढरं म्हणतो. ‘चार’, म्हणजे चरायला ने, म्हणतो, मग ‘राख’, म्हणजे राखण कर, म्हणतो. जाणण्यासाठीही दोन क्रियापदं वापरतो. शब्द आलटून पालटून वापरायची त्याला सवयच आहे. पेत्र दुखावतो तो तिसऱ्यांदा विचारलं म्हणून, असं मजकूर स्वच्छ सांगतो. पेत्राने आधी येशूची ओळख तीनदा नाकारली होती, म्हणून तीनदा विचारलं. पायऱ्यांची तिथे गरजच नव्हती.

माझा उतारशाळावाला हाच होता. ‘मूळ ग्रीकमध्ये असं आहे’ ही पुठ्ठ्याच्या मुकुटासारखीच ऐकीव परंपरा. फक्त तिच्यावर अभ्यासाची मिशी रंगवलेली. मी ती कुठल्याशा व्याख्यानात ऐकली होती, व्याख्यात्याने आणखी कुठे तरी. कुणीही शमुवेल उघडला नव्हता. त्या गृहस्थांनी उघडला होता, आणि चारचौघांत तोंडावर बोलायची संधी असूनही ते बाजूला येऊन बोलले. माझा डिसेंबर मला तेव्हा आठवला.

त्यानंतर मी शब्दांच्या पोटात शिरून अर्थ काढायचं कमी केलं. ‘मेतानोइया’चे ‘मेता’ आणि ‘नूस’ असे दोन तुकडे केले की मन बदलणं निघतं. लॅटिन बायबलात त्याचं प्रायश्चित्त झालं होतं आणि धर्मसुधारक लूथरच्या 1517 च्या 95 प्रबंधांतला पहिलाच त्या लॅटिन शब्दांवर बोट ठेवतो, हे सगळं खरं. पण शब्द तुकड्यांनी जगत नाही. तो ज्या वाक्यात बसलाय तिथेच त्याला गाठावं लागतं. तसा गाठला की कधी कधी तो हातावर काहीतरी ठेवतोही. योहान 3 मध्ये येशू रात्री भेटायला आलेल्या निकदेमाला ‘आनोथेन’ जन्मायला सांगतो. आनोथेन म्हणजे पुन्हा, आणि आनोथेन म्हणजे वरून. निकदेम ‘पुन्हा’ धरतो आणि आईच्या पोटात परत कसं शिरायचं म्हणून गोंधळतो; याच अध्यायात पुढे, 3:31 मध्ये, तोच शब्द स्पष्टपणे ‘वरून’ आहे. भाषांतरात यातला एक अर्थ सांडतोच. मराठीत कदाचित थोडा कमी सांडला असता. वाचताना मूल चुकलं की आपण म्हणतो ना, ‘परत वरून वाच’? त्या ‘वरून’मध्ये दोन्ही आहेत. (हाच निकदेम 19:39 मध्ये पुन्हा येतो, रात्रीचा नाही, उघडपणे, येशूच्या दफनासाठी गंधरस आणि अगरू घेऊन. गंधरसाचा ग्रीक शब्द ‘स्मिर्ना’, मत्तयाच्या मागींनी आणला तोच. माझ्या डबीत काय होतं ते मला असं कळलं.)

उंट आणि घोडे गेले तर कुणाचं बिघडत नाही. मरीया मग्दालीयेचं बिघडलं. लूक 7 मध्ये एक पापी स्त्री येशूचे पाय आसवांनी भिजवते. तिला नाव नाही. आठव्या अध्यायाच्या आरंभी मग्दालीयेचं नाव येतं, तिच्यातून सात भुतं निघाली होती म्हणून. पानं शेजारची, बायका वेगळ्या. इ.स. 591 मध्ये पोप पहिला ग्रेगरी याने प्रवचनात त्या दोघी आणि बेथानीची मरीया यांची एकच बाई केली आणि सात भुतांची सात पापं. पूर्वेकडच्या मंडळ्यांनी ही मिसळ कधी केली नाही. पश्चिमेत ती चौदा शतकं चालली. 1969 च्या सुधारित रोमन पंचांगाने ती मोडली, तरी चित्रांत केस मोकळे सोडून रडणारी ती अजून आहेच. योहान 20 मध्ये रिकाम्या कबरेपाशी जिला येशू नावाने हाक मारतो आणि निरोप देऊन पाठवतो, तिला चौदा शतकं रडत बसवलं.

युनियाचं त्याहून चमत्कारिक. पौलाचं रोमकरांस पत्र, 16:7, अंद्रोनिक आणि युनिया, ‘प्रेषितांमध्ये नामांकित’. प्राचीन हस्तलिखितांत आघातचिन्हं नसत, आणि या नावाचं स्त्रीलिंग की पुल्लिंग हे त्या चिन्हावर ठरतं. युनिया हे रोमन जगातलं बायकांचं नेहमीचं नाव. ‘युनियास’ असं पुरुषाचं नाव त्या काळात आढळत नाही. चौथ्या शतकाच्या शेवटी धर्मोपदेशक योहान क्रिसोस्टोमने हे वचन वाचलं तेव्हा त्याने बिनदिक्कत तिला बाई मानलं आणि प्रेषित म्हणवून घ्यायला पात्र ठरलेली ही बाई केवढी शहाणी असेल, असं तिचं कौतुकही केलं. ग्रीक ही त्याची मातृभाषा. मग 1927 मध्ये नेस्टले या अभ्यासकांच्या, नव्या कराराच्या चिकित्सक ग्रीक आवृत्तीत ती एका चिन्हाने पुरुष झाली आणि 1998 मध्ये परत बाई. म्हणजे इथे जुनी परंपराच बरोबर होती आणि चूक केली ती आमच्या टेबलावरच्या, तळटीपांनी भरलेल्या पुस्तकाने. ‘प्रेषितांमध्ये नामांकित’ म्हणजे प्रेषितांपैकी एक की प्रेषितांना माहीत असलेली, यावर वाद चालू आहे. पण तिला मिशी रंगवायचं कारण नव्हतं.

आणि जिथे कसोटी मला नको वाटते ती जागा? योहान 7:53 ते 8:11. व्यभिचारात धरलेली स्त्री, दगड घेतलेले पुरुष, वाकून जमिनीवर बोटाने लिहिणारा येशू. शुभवर्तमानांतला मला सर्वांत प्रिय प्रसंग. सायनायटिकस आणि व्हॅटिकानस या चौथ्या शतकातल्या थोर हस्तलिखितांत तो नाही. त्याहून जुन्या दोन पपायरसांत, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरच्या हस्तलिखितांतही नाही. काही हस्तलिखितांत तो चक्क लूकमध्ये, 21:38 नंतर येतो, म्हणजे घर शोधत हिंडणारी गोष्ट. इतरांचे उंट काढताना वापरलेला नियम इथे लावायचा तर नंतर घुसलेला मजकूर म्हणून चौकटी कंस घालून पुढे जायला हवं. मी कंस घालते आणि पुढे जात नाही. घडलं असेल, योहानाने लिहिलं नसेल, असं म्हणते. हे म्हणताना मी माझ्या आवडीची वकिली करतेय हेही मला ऐकू येतं.

परंपरेला ग्रीकमध्ये ‘पारादोसिस’ म्हणतात. हाती देणं. मार्क 7 मध्ये येशू परूशी या कर्मठ यहुदी पंथाला त्यावरून झोडतो, 2 थेस्सलनी 2:15 मध्ये पौल तीच घट्ट धरून ठेवा म्हणतो, एकच शब्द. आणि 1 करिंथ 11:23 मध्ये त्याचं क्रियापद एका वाक्यात दोनदा येतं. पौल म्हणतो, मला जे मिळालं ते मी तुमच्या हाती दिलं, की ज्या रात्री प्रभू येशूला हाती दिलं गेलं त्या रात्री. मराठीत पहिलं ‘सांगून ठेवणं’ होतं आणि दुसरं ‘धरून देणं’, त्यामुळे दोन्हींचं नातं दिसत नाही. येशूला धरून देणाऱ्या यहूदाचं नाव पौलाने तिथे घेतलेलं नाही, ते आपण मनात भरतो. रोमकरांस पत्र 8:32 मध्ये तर देवच पुत्राला ‘हाती देतो’, क्रियापद तेच. शब्दांच्या पोटात शिरायचं सोडलंय म्हणाले खरी, पण इथे दोन्ही एका ओळीत लेखकानेच ठेवलेत. पुढचे शब्द: त्याने भाकर घेतली.

भाकरीवरून प्रभूची प्रार्थना. ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे.’ त्यातला ‘रोजची’ म्हणजे ग्रीक ‘एपिउसिऑस’, आणि हा शब्द मत्तय 6:11, लूक 11:3 आणि त्यांच्यावरून लिहिणारे यांच्याबाहेर सापडत नाही. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विद्वान ओरिगेन, ज्याची ग्रीक आपल्या सगळ्यांहून चांगली, तो म्हणतो, लोक हा शब्द वापरत नाहीत, शुभवर्तमानकारांनीच घडवलेला दिसतो. बायबलाचा भाषांतरकार येरोम याने लॅटिनमध्ये आणताना लूकमध्ये ‘रोजची’ केलं आणि मत्तयात त्याच शब्दाचं ‘वस्तूंच्या पलीकडली’. कुणी ‘उद्याची’ म्हणतं, कुणी ‘जगण्यापुरती’. 1889 मध्ये इजिप्तमधल्या हवाराच्या उत्खननातला एक पपायरस प्रसिद्ध झाला. कुणाच्या तरी घरखर्चाची यादी, आणि तीत हा शब्द वाचल्याचं सांगितलं गेलं. अभ्यासक हरखले, मिळाला एकदाचा, बाजारातला, रोजच्या वापरातला! मग तो कागदच गहाळ झाला. दशकांनी येल विद्यापीठात तो पुन्हा हाती लागला तेव्हा अक्षरं नीट पाहिली गेली. तिथे लिहिलं होतं: तेल.

रात्री झोपायच्या आधी मी ही प्रार्थना मराठीतूनच म्हणते, लहानपणी शिकवली तशी. ‘आमची’पर्यंत जीभ सरळ जाते. मग क्षणभर थांबते, उद्याची, पुरेशी, पलीकडली, तेल, आणि ‘रोजची’ म्हणून पुढे जाते.